महाजालाबाहेरची माणसे : डिजिटल समावेशन समजून घेताना

'डिजिटल समावेशन' हा शब्दप्रयोग अलीकडे शासकीय परिपत्रकांत, बँकांच्या जाहिरातींत आणि क्वचित प्रवचनांतही कानी पडतो. त्याचा अर्थ मात्र बहुधा 'सर्वांच्या हाती मोबाइल' एवढाच घेतला जातो. तो अपुरा आहे. महाजालावरील माहिती आणि सेवा परवडणाऱ्या खर्चात, स्वतःला समजणाऱ्या भाषेत, शारीरिक मर्यादेचा अडसर न होता, निर्भयपणे आणि शक्यतो दुसऱ्याच्या मेहेरबानीविना वापरता येणे. तसेच ज्याला ती वापरता येत नाहीत वा वापरावयाची नाहीत, त्याचा हक्क त्यामुळे न बुडणे, या सर्वांस मिळून डिजिटल समावेशन म्हणावे, असे आम्हांला वाटते. या व्याख्येचा शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी वगळला जातो. आम्ही तो मुद्दाम जोडला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

हा विषय धर्मप्रांताच्या संकेतस्थळावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. शिवाय जे हा लेख वाचत आहेत ते महाजालावर पोहोचलेलेच आहेत, मग त्यांना हे सांगून उपयोग काय, असेही कोणी म्हणेल. उपयोग असा की, जे पोहोचले नाहीत ते याच वाचकांच्या घरात, वाडीत आणि मिस्सेच्या वेळी शेजारच्या बाकावर आहेत. पालघर जिल्ह्याचे वर्णन 'सागरी, नागरी आणि डोंगरी' असे केले जाते. नालासोपारा-विरारच्या सदनिकांत राहणारा तरुण, अर्नाळ्याची मासळी विकणारी कोळीण आणि मोखाड्याच्या पाड्यावरचा मजूर या तिघांना आज शासनाचा एकच अर्ज एकाच पद्धतीने भरावा लागतो. तिघांची वाट मात्र एकसारखी नाही.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न केव्हा ओळखला?

संपर्कसाधनांविषयी ख्रिस्तसभेची आस्था जुनी आहे. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांच्या साहाय्याने व्हॅटिकन नभोवाणी सुरू झाली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयीचा आदेश संमत केला आणि त्यातूनच १९६७ पासून दरवर्षी जागतिक संपर्कसाधन दिन पाळला जाऊ लागला. व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात सुरू झाले. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट उपलब्ध झाले तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. अर्थात तेव्हा त्यासाठी घरात संगणक आणि दूरध्वनीची तार असावी लागे. दूरध्वनीसाठीच वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून बसण्याचा तो काळ होता, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल.

फेब्रुवारी २००२ मध्ये व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कसाधन परिषदेने दोन दस्तऐवज एकाच दिवशी प्रसिद्ध केले. एकात ख्रिस्तसभा आणि इंटरनेट यांच्या संबंधाचा, तर दुसऱ्यात इंटरनेटच्या नीतिमत्तेचा विचार आहे. दुसऱ्या दस्तऐवजात 'डिजिटल दरी'चा स्पष्ट उल्लेख येतो. नव्या तंत्रज्ञानापर्यंत पोहोचता येते की नाही, यावरून राष्ट्राराष्ट्रांत आणि एकाच राष्ट्रातील गरीब व श्रीमंतांत पडणारी फूट हा भेदभावाचाच एक प्रकार होय, असे त्यात म्हटले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दरीचे वर्णन मागासलेपणा म्हणून न करता भेदभाव म्हणून केले आहे. मागासलेपणाचा दोष सहसा मागे राहिलेल्याच्या माथी मारला जातो. भेदभाव म्हटला की पुढे गेलेल्यांनाही उत्तर द्यावे लागते.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या संपर्कसाधन दिनाच्या संदेशात हाच धागा पुढे नेला. आर्थिक व सामाजिकदृष्ट्या आधीच कडेला पडलेल्या लोकांपर्यंत ही साधने पोहोचली नाहीत, तर ती मानवजातीच्या भवितव्याची शोकांतिका ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या संदेशात इंटरनेटला देवाची देणगी म्हटले, परंतु त्याच संदेशात वगळल्या जाणाऱ्यांचाही विचार केला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद प्राप्त झालेले कार्लो आकुतिस यांनी पवित्र ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती संकेतस्थळाद्वारे जगापुढे मांडली. आपल्या तरुणांना त्यांचे कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. तथापि संगणक त्यांच्या घरात होता, हेही तरुणांनी विसरू नये.

आकडे काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे ५५० कोटी लोक, म्हणजे शंभरातील ६८, इंटरनेट वापरत होते आणि सुमारे २६० कोटी लोक त्याबाहेर होते.

भारताचे चित्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातील जेमतेम २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर शहरी भागात ४२ टक्के होते. २०२५ च्या आरंभी झालेल्या पाहणीत मात्र ८६ टक्क्यांहून अधिक कुटुंबांत इंटरनेट पोहोचल्याचे आणि सुमारे ८५ टक्के कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन असल्याचे आढळले. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि टाळेबंदीने लोकांना फोन घेण्यास भाग पाडले, ही यामागची दोन ठळक कारणे होत.

हे आकडे वाचून प्रश्न सुटला असे म्हणण्याचा मोह होतो. पण पाहणी 'कुटुंबा'ची आहे आणि फोन 'कुटुंबा'च्या हातात नसतो. तो कोणा एकाच्या हातात असतो. घरात एक स्मार्टफोन आहे, तो मुलगा सकाळी कामाला जाताना विरार लोकलमध्ये घेऊन जातो आणि रात्री नऊला परततो. दरम्यान आईच्या खात्याचा ओटीपी त्या फोनवर येतो. हे घर आकडेवारीत 'जोडलेले' म्हणून मोजले जाते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने व्यक्तिशः प्रश्न विचारला, आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले आहे काय? देशभरात ५७ टक्के पुरुषांनी 'होय' म्हटले, स्त्रियांत मात्र ३३ टक्क्यांनी. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण चारांत एक एवढेच होते. ज्या फोनचा वापर आपण स्वतः करतो असा फोन असणाऱ्या स्त्रिया ५४ टक्के होत्या. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण वाढले असणार यात शंका नाही. पण दरी आता गावागावांतून सरकून घराच्या उंबरठ्याच्या आत आली आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे. तिथे ती पाहणाऱ्याला सहज दिसत नाही.

बेथेस्दाचे तळे आणि लसीची नोंदणी

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला एक मनुष्य भेटतो. तळ्याचे पाणी हलले की जो प्रथम उतरेल तो बरा होतो. या मनुष्याची तक्रार पाण्याविषयी नाही. आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी नाही आणि आपण सरकत सरकत जाईतो दुसराच कोणी आधी उतरतो, ही त्याची व्यथा आहे.

मे २०२१ मध्ये हा प्रसंग आम्हांला वारंवार आठवत असे. १८ ते ४४ वयोगटाच्या कोविड लसीकरणासाठी १ मेपासून ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. वेळ खुली होताच काही क्षणांत सर्व जागा भरून जात. ग्रामीण आरोग्य केंद्रांवरील जागा शहरातील चपळ बोटांनी पटकावल्या आणि लोक मोटारी घेऊन दूरच्या खेड्यांत लस घ्यावयास गेले. ज्या गावातले केंद्र, त्या गावचे लोक दारात उभे राहून पाहत होते. नोंदणीचे संकेतस्थळ आरंभी इंग्रजीतच होते. मराठीसह अन्य भारतीय भाषांत ते जूनमध्ये आले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात डिजिटल दरीकडे केंद्र सरकारचे लक्ष वेधले आणि केवळ संकेतस्थळावर अवलंबून राहिल्याने दुर्बल घटक लसीपासून वंचित राहतील, अशी चिंता व्यक्त केली. जूनमध्ये थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा सर्वांना मिळाली. नियमात कोणावरही अन्याय करण्याचा हेतू नव्हता. पण ज्या तळ्यात 'जो प्रथम उतरेल त्याला' असा नियम असतो, त्या तळ्याकाठी पांगळा नेहमीच मागे राहतो.

शिक्षणाच्या बाबतीतही तेच घडले. 'असर' या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात घरी स्मार्टफोन असलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के होते, ते २०२० मध्ये ६२ टक्क्यांच्या घरात गेले. पालकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती.

अडसर कोणते?

पहिला अडसर अर्थातच रेंजचा आणि विजेचा. शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये सर्व ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली; ती पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार येणे आणि डोंगरापलीकडच्या पाड्यावर फोन लागणे यांत बरेच अंतर आहे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरी मोबाइल अॅपवर, दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र घेऊन नोंदविणे सक्तीचे झाले. भ्रष्टाचार रोखणे हा हेतू स्तुत्यच. पण जिथे रेंज नाही तिथे छायाचित्र चढत नाही, आणि छायाचित्र चढले नाही तर घाम गाळूनही हजेरी लागत नाही.

दुसरा अडसर खर्चाचा. डेटा स्वस्त आहे हे खरे, पण फोन चालू ठेवण्याचा खर्च स्वस्त राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले. ज्या वृद्धाला केवळ मुलाचा फोन घ्यावयाचा असतो आणि बँकेचा संदेश वाचावयाचा असतो, त्यालाही डेटासह रिचार्ज घ्यावे लागे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ संभाषण आणि एसएमएस असलेले वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. असे पॅक आहेत हे पुष्कळांना ठाऊक नाही. दुकानदार ते आपण होऊन सांगेलच असे नाही. विचारून घ्यावे.

तिसरा अडसर शरीराचा. आयुष्यभर मासळी साफ केलेल्या, मिठात हात घातलेल्या, वाडीत माती उपसलेल्या हातांवरच्या रेषा झिजतात. यंत्रावर अंगठा उमटत नाही. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देण्यात आला. ओळखपत्र नसलेल्या गरिबाला ओळख मिळावी, हा त्यामागचा उद्देश. ज्यांनी हाताने कष्ट केले त्यांचेच हात यंत्राला ओळखू येऊ नयेत, यातील विपर्यास कोणाच्याही लक्षात येईल. यावर चेहऱ्याची ओळख, डोळ्यांची ओळख असे पर्याय आता आहेत; सेवा केंद्रावर त्यांची मागणी करावयास हवी.

दृष्टिहीनांचा प्रश्न याहून बिकट. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली आज फोनमध्येच असते, संगणकासाठी 'एनव्हीडीए'सारखी विनामूल्य प्रणाली २००६ पासून उपलब्ध आहे. पण ती अक्षरे वाचते, चित्र वाचू शकत नाही. एखादी सूचना कागदावर लिहून तिचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर टाकले, तर दृष्टिहीनाच्या दृष्टीने तो कोरा कागदच. आपल्या धर्मग्रामांच्या बहुतेक सूचना अशाच चित्ररूपाने फिरतात. त्याच सूचना अक्षररूपाने टाईप करावयास पाच मिनिटे अधिक लागतील.

चौथा अडसर म्हणजे ज्याला आम्ही 'दुसऱ्याचा फोन' म्हणतो. महाराष्ट्र शासनाची 'लाडकी बहीण' योजना २०२४ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी करणे आवश्यक ठरले. त्यासाठी स्त्रीच्या आधाराबरोबर पतीच्या वा वडिलांच्या आधाराचीही पडताळणी होती. पती आणि वडील दोघेही हयात नाहीत अशा स्त्रीने ओटीपी कोणाच्या फोनवर मागवावा? मुदत पुढे वाढवावी लागली आणि अशा स्त्रियांसाठी वेगळी तजवीज करावी लागली. मुद्दा एका योजनेवर टीका करण्याचा नाही. संगणकावर अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याच्या मनात एक ठराविक कुटुंब असते. त्या चौकटीत न बसणारी विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलगी यांच्यासाठी त्या नमुन्यात रकानाच नसतो. पूर्वी खिडकीपलीकडच्या कारकुनाला निदान आपली कहाणी सांगता येई. कारकून ऐकेलच असे नसे, हेही खरेच.

भाषेचा अडसर

याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण मुद्रणाशी आणि संपादनाशी आमचा संबंध आहे.

मराठी संगणकावर आली त्या काळात प्रत्येक कंपनीचा टंक निराळा होता. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हे दिसत. मराठी संकेतस्थळ वाचावयाचे तर आधी त्याचा टंक उतरवून घ्यावा लागे. युनिकोडने ही अडचण हळूहळू दूर केली, तरी 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील रफार कितीतरी दिवस चुकीचा उमटत असे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा आहे. देवनागरीतील 'भारत' हे डोमेन २०१४ च्या ऑगस्टमध्ये आले. आज फोनवर मराठी लिहिणे सुलभ आहे, बोलूनही लिहिता येते. जुन्या टंकांतील मजकूर मात्र वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला अजूनही अगम्यच आहे आणि शोधयंत्रालाही सापडत नाही. ज्या धर्मग्रामांनी वा संस्थांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी स्मरणिका, नोंदी, धर्मशिक्षणाची टिपणे अशा टंकांत करून ठेवली आहेत, त्यांनी ती वेळीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत.

तरीही भाषेचा प्रश्न टंकाबरोबर मिटत नाही. संकेतस्थळ मराठीत असले तरी त्यातील मराठी कोणती? 'प्रमाणीकरण अयशस्वी' ही सूचना वाचून किती जणांना कळेल की, अंगठा पुन्हा लावावयाचा आहे? सामवेदी, वाडवळी, वारली बोलणाऱ्या वृद्धेला 'सबमिट' हा इंग्रजी शब्द एकवेळ समजेल, 'सादरीकरण' समजणार नाही. बोललेले लिहून देणारी यंत्रे प्रमाण मराठीवर पोसलेली आहेत. आमच्या बोलींशी त्यांची ओळख कितपत होईल हा प्रश्नच आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेममध्ये प्रत्येकाने आपापल्या भाषेत प्रेषितांचे बोलणे ऐकले. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पुढे सहाव्या अध्यायात दुसरी एक घटना आहे, तिच्याकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना इब्री शिकून घ्या असे सांगितले नाही. त्यांच्या सांगण्यावरून समुदायाने या कामासाठी सात माणसे निवडली आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. सेवा करणारा गरजूच्या भाषेतला असावा, ही दृष्टी त्यामागे दिसते.

भीती आणि मध्यस्थ

वृद्धांना तंत्रज्ञान जमत नाही असे सरसकट म्हटले जाते. आमचे निरीक्षण थोडे वेगळे आहे. परदेशातील नातवंडांशी व्हिडिओवर बोलणाऱ्या आजीबाई वसईत घरोघरी आहेत. त्यांना जमते, पण पैशाचा संबंध आला की त्या फोन खाली ठेवतात. ही भीती अडाणीपणाची नाही. पोलिस वा न्यायाधीश असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणाऱ्या टोळ्यांनी शिकल्यासवरल्या निवृत्तांनाही लुबाडले आहे. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास पैसे पुढे सरकण्यापूर्वी थांबविले जाण्याची शक्यता अधिक असते. लाजेपोटी घरच्यांपासून लपविण्यातच अनेकांचा वेळ जातो.

ज्यांना स्वतः जमत नाही ते मध्यस्थाकडे जातात. सेतू, आपले सरकार सेवा केंद्र, सायबर कॅफे, ओळखीचा पोरगा. पुष्कळ केंद्रचालक प्रामाणिक आणि कष्टाळू आहेत, त्यांच्यावाचून हजारो अर्ज भरलेच गेले नसते. पण मध्यस्थाच्या हाती आधार, पासबुक, ओटीपी आणि अनेकदा पासवर्डही जातो. अर्जावर मोबाइल क्रमांक म्हणून तो स्वतःचाच क्रमांक घालतो, मग पुढचे सर्व संदेश त्याच्याकडे जातात आणि अर्जदार कायमचा त्याच्या दारात बांधला जातो. म्हणून अर्जावर क्रमांक आपलाच आहे ना, आणि पावती मिळाली ना, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे. शासकीय सेवांचे शुल्क केंद्रावर लावलेले असावयास हवे; नसेल तर विचारावे.

कायदा काय म्हणतो?

केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडला. वसतिगृहाने ठराविक वेळेत मोबाइल वापरण्यास बंदी केल्याचे ते प्रकरण होते. आमच्या धर्मभगिनींच्या वसतिगृहांतही या निकालाची बरीच चर्चा व्हावयास हवी होती, असे आमचे मत आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. बँकांची डिजिटल केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांनी ती कशी करावी? अशा पीडितांच्या आणि एका दृष्टिहीन व्यक्तीच्या याचिकांवर निकाल देताना न्यायालयाने, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि वीस निर्देश दिले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा या निकालाचा आधार आहे. याशिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे उत्तर मुदतीला लागू होत नाही.

धर्मग्रामात काय करता येईल?

व्याख्येचा शेवटचा भाग आम्ही का जोडला ते येथे येते. प्रत्येकाला ऑनलाइन आणणे हे समावेशन नव्हे. नव्वदीतल्या माणसाला फोन शिकविण्याचा अट्टहास करण्यापेक्षा त्याचे काम फोनविना होण्याची दुसरी वाट उघडी ठेवणे अधिक माणुसकीचे आहे. टाळेबंदीत मार्च २०२० पासून चर्चची दारे बंद झाली तेव्हा मिस्सा प्रक्षेपित होऊ लागल्या आणि त्याचा अनेकांना आधार वाटला. त्यांतील काही प्रक्षेपणे अजून चालू आहेत, आजाऱ्यांना ती उपकारक आहेत. पण महाजालावर संस्कार होत नाहीत, हे २००२ च्या दस्तऐवजातच सांगितले आहे. अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी फोनवर मिस्सा लागते म्हणून तिथे ख्रिस्तशरीर घेऊन जाणे थांबता कामा नये.

तसेच, सूचनाफलक काढून टाकू नये. अंत्यविधीची वार्ता केवळ व्हॉट्सअॅपवर देणे म्हणजे ज्यांच्या पिढीतला माणूस गेला, नेमके त्यांनाच न कळविणे होय. घंटा आहे, मिस्सेनंतरची सूचना आहे, वाडीतला निरोप्या आहे.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरभेटीला जातातच. त्यांनी सोबत एक तरुण न्यावा, आणि घरात किती फोन आहेत हे न विचारता फोन कोणाजवळ असतो हे विचारावे. महिन्यातील एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या सभागृहात दोन तास मदतीचे टेबल मांडता येईल. दृढीकरणाच्या तयारीतील मुलामुलींना हे सेवाकार्य म्हणून देता येईल. मात्र काही पथ्ये हवीत. ओटीपी अर्जदाराने स्वतः वाचावा. पासवर्ड कोणीही लिहून घेऊ नये. बँकेचे व्यवहार त्या टेबलावर करू नयेत. आणि फोन मदतनिसाने हातात न घेता, बोट वृद्धाचेच पडद्यावर राहील असे पाहावे. यात वेळ जातो आणि तरुणांना तो जात असताना पाहवत नाही, हा आमचा अनुभव आहे. साधा फोन असणाऱ्यांना मार्च २०२२ पासून '१२३ पे' या सेवेद्वारे इंटरनेटशिवाय यूपीआय व्यवहार करता येतात, हेही तेथे सांगावे.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. दहावीच्या निकालानंतरचे दोन आठवडे हे टेबल रोज चालू राहिले तर तलासरी-विक्रमगडच्या आश्रमशाळांतून आलेल्या मुलांना त्याचा विशेष उपयोग होईल.

नोव्हेंबर महिन्यात पेन्शनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' ही त्याची डिजिटल पद्धत नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. अंगठा उमटत नसल्यास २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीनेही हा दाखला काढता येतो. चालता न येणाऱ्यांसाठी टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन तो करून देतात. त्यासाठी अल्प शुल्क आहे. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनधारकांना नोव्हेंबरचे बंधन नाही. त्यांचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. आणि ज्यांना यातले काहीच जमणार नाही, त्यांना बँकेत जाऊन कागदावर सही वा अंगठा करून दाखला देण्याची जुनी सोय अद्याप आहे. बँकेने 'आता ऑनलाइनच' असे सांगून परत पाठविल्यास शाखाधिकाऱ्यांची भेट घ्यावी, आणि शक्य तर सोबत धर्मग्रामातील कोणी जाणता मनुष्य न्यावा.